गॅरेजवाल्याचं निदान चुकलं, मग बिल कुणी भरायचं?

या विषयावरचा व्हिडिओ बारा मिनिटांत उरकला, पण बिलाची भांडणं आकडे समोर मांडल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

केस आपल्याच बॅचमधल्या एका दुकानदाराची. मुर्ध्यात किराणा होलसेल, आणि राई, मोर्वा, डोंगरी ते उत्तनपर्यंत माल पोचवायला एक इको. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक. चार-पाच वेळा प्रयत्न केला की गाडी चालू. जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोनदा स्टार्टर मारायला लावला आणि निकाल दिला, "शेठ, आल्टरनेटर गेला. बॅटरी चार्जच होत नाही. बॅटरीपण बदलून टाका, तीन वर्षं झाली ना." आल्टरनेटर ७,८००, बॅटरी ४,६००, मजुरी १,८००. एकूण १४,२०० रुपये. बिल म्हणजे पार्टच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेले तीन आकडे.

पाचव्या दिवशी सकाळी परत टक-टक.

या वेळी त्याने भाईंदरचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने मल्टिमीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग मीटरची एक टोच बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर ठेवली आणि चावी मारायला सांगितली. तिथे आकडा जवळजवळ शून्य दिसायला हवा, दिसला एक व्होल्टच्या वर. म्हणजे करंट वाटेतच अडतोय. अर्थची केबल जिथे बोल्टने बसवलेली असते तिथे हिरवा-पांढरा गंज. आपल्याकडे एका बाजूला खाडी, मिठागरं, दुसऱ्या बाजूला समुद्र. हा खारा वारा दुकानाच्या शटरला सोडत नाही, तो केबलला काय सोडणार? नवी केबल आणि मजुरी मिळून ६५० रुपये. गाडी आजही एका चावीत चालू होते.

आता १४,२०० चं काय? आपला माणूस चिडलेला होता, सगळे पैसे परत पाहिजेत म्हणाला. मी त्याला आधी बिलाचे तुकडे करायला लावले. बॅटरी तीन वर्षांची होती, आज ना उद्या बदलावी लागलीच असती, आणि नवी बॅटरी त्याच्याच गाडीत आहे. ते ४,६०० भांडणातून बाजूला. राहिले आल्टरनेटरचे ७,८०० आणि मजुरी १,८००, म्हणजे ९,६००. जिथे तुमची बाजू कच्ची आहे ती रक्कम स्वतःहून सोडली की उरलेल्या रकमेवर समोरचा तुमचं ऐकतो. उधारी वसुलीतही हेच चालतं.

पुढचा प्रश्न पुराव्याचा. इथे नशीब असं की जुना आल्टरनेटर अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता, भंगारात गेला नव्हता. तो मागून घेतला आणि इलेक्ट्रिशियनकडे टेस्ट करून घेतला. १४.२ व्होल्ट देत होता, अगदी ठणठणीत. टेस्टचा व्हिडिओ काढला, इलेक्ट्रिशियनने त्याच्या लेटरहेडवर काय सापडलं आणि काय बदललं ते चार ओळींत लिहून दिलं. पुठ्ठ्याचा फोटो आणि पैसे दिल्याचा जीपेचा स्क्रीनशॉट होताच. म्हणून सांगतो, बदललेला जुना पार्ट नेहमी मागून घ्या. तो भंगार नाही, तुमचा साक्षीदार आहे.

मग तो दुपारी, गिऱ्हाईक नसताना गॅरेजवर गेला. ही वेळ मी मुद्दाम निवडायला सांगितली होती. चार लोकांसमोर मेकॅनिकला "तुला येत नाही" म्हटलं की तो पैशासाठी नाही, इज्जतीसाठी भांडतो. "तू फसवलंस" हा शब्द वापरायचा नाही असंही ठरलं होतं. प्रश्न एकच विचारायचा, "भाऊ, आल्टरनेटर काढण्याआधी मीटर लावला होता का?" गॅरेजवाला आधी म्हणाला, "शेठ, गाडी आहे, दोन फॉल्ट एकदम असू शकतात." मुद्दा बरोबर आहे, असू शकतात. पण १४.२ चा व्हिडिओ बघितल्यावर तो गप्प झाला. शेवटी मजुरी पूर्ण परत आणि आल्टरनेटर अर्धा-अर्धा. १,८०० अधिक ३,९००, म्हणजे ५,७००. "पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळते करतो" असंही तो बोलला होता, ते मात्र घेतलं नाही. पैसे दोन हप्त्यांत जीपेवर आले. जुना आल्टरनेटर आता दुकानाच्या माळ्यावर स्पेअर म्हणून आहे.

९,६०० पैकी ५,७००. पूर्ण न्याय नाही हा. पण सीझनमध्ये गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचा किती धंदा बुडतो हे तोच जाणे, आणि मला हा सौदा पटला.

समोरचा ऐकतच नसेल तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी येते, आणि बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण एक लक्षात ठेवा, निदान चुकलं म्हणजे आपोआप त्रुटी ठरत नाही. वाजवी काळजी घेतली होती का, हा मुद्दा असतो. पाच मिनिटांची मीटरची टेस्ट न करता ७,८०० चा पार्ट बदलणं, हे तिथे पटवून द्यावं लागतं. पहिली पायरी म्हणजे लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर तिचा दबाव चांगला पडतो, गल्लीतल्या गॅरेजवर कमी, कारण हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही. आदेश देतो जिल्हा आयोग, आपल्यासाठी ठाण्याचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं.

आपल्या दुकानदार मंडळींसाठी यात एक खड्डा आहे. गाडी धंद्याची असेल तर समोरचा पहिलाच आक्षेप घेईल की हा ग्राहकच नाही, व्यावसायिक वापर आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, आणि १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती समजावून सांगितलीय. स्वतः रिक्षा चालवणारा ग्राहक ठरू शकतो. पण पाच टेम्पो आणि पाच ड्रायव्हर ठेवले असतील तर अवघड आहे. तक्रारीत गाडी कोण चालवतं आणि घर कशावर चालतं, हे पहिल्याच पानावर लिहा.

आणि गाडी अजून गॅरेजमध्येच असेल, बिल मान्य नसेल, तर? भांडून चावी ओढू नका. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७० मेकॅनिकला केलेल्या कामाच्या मजुरीपोटी वस्तू अडवून ठेवायचा हक्क देतं. गाडी अडकली की रोजचं नुकसान तुमचं. त्यापेक्षा पैसे द्या, पण ऑनलाइन द्या, आणि त्याच मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅप करा: "आल्टरनेटर बदलण्याची गरज मला मान्य नाही. गाडी सोडवण्यासाठी हरकत नोंदवून रु. ९,६०० देत आहे. परताव्याचा हक्क राखून." दोन निळ्या टिक आल्या की स्क्रीनशॉट घ्या.

बॅचमध्ये गॅरेजवाले पण आहेत, त्यांना वाटेल सर आज गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलले. तर ऐका. हे भांडण झालं कारण तपासणीचे पैसे कुणी घेतच नाही. "बघायला काय घ्यायचे" म्हणून फुकट बघायचं आणि मग कमाई पार्टमध्ये शोधायची. फुकट बघणारा घाईत बघतो. आपला एक विद्यार्थी तपासणीचे ३०० रुपये घेतो, मीटरचे आकडे जॉबकार्डवर लिहितो, त्याखाली अंदाजे खर्च आणि गिऱ्हाईकाची सही. काम त्याच्याकडेच केलं तर ३०० बिलातून वजा. सुरुवातीला गिऱ्हाइकं कुरकुरली, दोन-तीन निघूनही गेली. आता जॉबकार्डचं त्याचं दुसरं पुस्तक संपत आलंय, आणि जुने पार्ट तो पिशवीत बांधून मागच्या सीटवर ठेवूनच गाडी देतो.