तारेतला दोष कसा सापडतो?

पुण्याच्या पेठांत पावसाळ्यात फोन मुका झाला, की 198 वर तक्रार जाई. दोष जमिनीखालच्या केबलमध्ये. मग रस्ता खणायचा कुठे? खणण्याआधीच याचे उत्तर एक्स्चेंजमधून मिळे, हे मला या तंत्राचे मर्म वाटते. ग्राहकाकडे तांब्याच्या दोन तारा जातात. तार तुटली, तर जेवढी शिल्लक तेवढीच तिची विद्युतभार साठवण्याची क्षमता उरते. तारा एकमेकींना चिकटल्या, तर रोध मोजतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या जोडीचा रोध किलोमीटरला सुमारे 170 ओहम. 340 भरला, तर दोष दोन किलोमीटरवर. ओल शिरली, की मात्र तिचाही रोध मोजमापात मिसळतो. अशा वेळी दूरच्या टोकाला एक शाबूत तार जोडून ‘मरे लूप’ चाचणीने दोषाच्या दोन्ही बाजूंच्या तारांचे गुणोत्तर काढतात. ओलीचा रोध गणितातून गळतो. अख्ख्या रस्त्याऐवजी एकच खड्डा पुरतो.