‘मी असं म्हणालोच नव्हतो’

नात्यात मनाशी खेळणारा माणूस तापट आणि आरडाओरडा करणारा असतो, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या इंग्रजी नाटकातला नवरा बघा. वरच्या बंद मजल्यावर तो चोरून रत्नं शोधतो, तिथे दिवे लावले की खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंदावतो. घरातल्या वस्तूही तोच लपवतो आणि तिचंच डोकं ठिकाणावर नाही, हे तिला पटवत आणतो. ‘गॅसलायटिंग’ हा शब्द तिथूनच आला.

अर्थात, ‘तुला नीट आठवत नाही’ म्हणणारा प्रत्येक जण दोषी नसतो. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी असू शकतात. पण दर वेळी एकाचंच खरं आणि दुसऱ्याचं डोकं फिरलेलं ठरत असेल, तर सावध व्हायला हवं.

असं वागणारा मनोरुग्णच असणार, हाही गैरसमज. डेलरॉय पॉलहस आणि केविन विल्यम्स यांनी २००२ साली आत्ममग्नता, धूर्तपणा आणि निष्ठुर बेफिकिरी यांना मिळून ‘डार्क ट्रायड’ म्हटलं. तपासले होते ते विद्यापीठातले साधे विद्यार्थी. या छटा थोड्याफार सगळ्यांतच असतात. ज्यांच्यात त्या गडद, त्यांना जोडीदाराला असं गोंधळात टाकणं फारसं गैर वाटत नाही, असं पुढच्या संशोधनात दिसतं. ‘त्यात काय एवढं?’ हा प्रश्न म्हणूनच मला रागापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

आणि भोळ्या बायकाच फसतात म्हणे! माझी मैत्रीण सीए आहे, दुसऱ्यांच्या हिशोबातली चूक चुटकीसरशी पकडणारी. तिने कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘गुरुवारी आईकडे. तो हो म्हणाला.’ गुरुवारी नवरा म्हणाला, “मी असं म्हणालोच नव्हतो. हल्ली तुला काय होतंय गं?” तिने तो चौकोन त्याला दाखवला नाही. स्वयंपाकघरात उभं राहून स्वतःच तीनदा वाचला. पुरुषांच्याही वाट्याला हे येतं, आणि ते बोलतही नाहीत.

मारहाण नाही म्हणजे कायदाही नाही, असं मैत्रिणीला घरच्यांनीच सांगितलं होतं. पण कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच मानतो; लग्नासारख्या सहजीवनातल्या स्त्रीलाही तो लागू आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवरून मदत मिळते, मनाच्या आधारासाठी १४४१६ आहे. मैत्रीण वकिलाकडे गेली तेव्हा वकीलबाईंनी तारखा विचारल्या. पेन्सिलीतले ते चौकोन दोघींनी मिळून एकेक करून उतरवून काढले.