मुंबईचा गाईड आणि आजीचा पत्ता

इस्राएलमध्ये जन्मलेली मुले पहिल्यांदा मुंबईला निघाली की घरात एक प्रश्न हमखास निघतो. शहर पाहायचे कोणाबरोबर? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. भायखळ्याला मावशी असायची, ठाण्याला काका असायचे. विमानतळावरून थेट त्यांच्या घरी जायचे आणि त्यांच्या मागून हिंडायचे. आता पुष्कळ कुटुंबांचे तिथे कोणी उरलेले नाही. म्हणून पैसे देऊन खासगी गाईड घेण्याची पद्धत आपल्या समाजातही पडली आहे.

ही पद्धत चांगली आहे. पण तिचा पुरता उपयोग थोडेच लोक करून घेतात. तो कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे.

खासगी सहल म्हणजे काय?

बसच्या सहलीत चाळीस माणसे असतात आणि वेळापत्रक कंपनीचे असते. खासगी सहलीत गाडी, ड्रायव्हर आणि गाईड एकाच कुटुंबासाठी असतात. अर्ध्या दिवसाची किंवा पूर्ण दिवसाची रक्कम आधी ठरते. तेवढे तास आपले. कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे, कोणती गल्ली पायी चालायची, हे आपण सांगायचे.

अडचण इथेच होते. गाईड विचारतो, "काय काय पाहायचे?" घरची माणसे उत्तर देतात, "जे चांगले असेल ते दाखवा." मग गाईड रोजच्या ठिकाणी नेतो. गेटवे, मोठे रेल्वे स्टेशन, मरीन ड्राइव्ह, आणि पाहुणे ज्यू आहेत म्हणून एक निळे सिनेगॉग. संध्याकाळी मुले हॉटेलात परततात तेव्हा त्यांनी मुंबई पाहिलेली असते, पण आजी राहायची ती मुंबई पाहिलेली नसते. यात गाईडचा दोष नाही. आजीचा पत्ता त्याला कोणी दिलेलाच नसतो.

गाईड निवडताना

भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेल्या गाईडजवळ फोटो असलेले ओळखपत्र असते. ते पाहायला मागण्यात काही गैर नाही. गाडी चालवणारा माणूस म्हणजे गाईड नव्हे. त्याला रस्ते ठाऊक असतात, पण इतिहास ठाऊक असेलच असे नाही.

पैसे ठरवताना पार्किंग, टोल, गाईडचे जेवण आणि जादा तास यांचे कोण देणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे. खरेदीसाठी दुकानात नेऊ नका, असेही आधीच सांगावे. काही दुकानदार गाईडला कमिशन देतात आणि तिथे तास-दीड तास सहज जातो.

शक्य असेल तर मराठी बोलणारा गाईड मागावा. मुलांना इंग्रजीतून समजेल हे खरे. पण जुन्या गल्लीत रखवालदाराशी, वाण्याशी, चाळीतल्या म्हाताऱ्या बाईशी बोलायचे तर मराठी किंवा हिंदीच हवी. आजी-आजोबा बरोबर असतील तर मराठी ऐकून त्यांची जीभही मोकळी होते.

दिवस कोणता? शनिवार तर नकोच. त्या दिवशी सिनेगॉग प्रार्थनेसाठी आहे, सहलीसाठी नाही. शुक्रवारी दुपारनंतरही जाऊ नये. रविवारी रस्त्यावर गर्दी कमी असते, म्हणून तो सोयीचा. जून ते सप्टेंबर पावसाचे दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते.

सकाळ : गेटवे आणि काळा घोडा

सुरुवात गेटवे ऑफ इंडियापासून करायला हरकत नाही. त्याचा पाया १९११ मध्ये घातला गेला आणि उद्घाटन १९२४ मध्ये झाले, हे गाईड सांगेलच. मुलांनी मात्र कमानीकडे पाठ करून समुद्राकडे पाहावे. इथून मांडव्याला लाँच जाते. पलीकडे रायगड जिल्ह्याचा किनारा आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले, असे समाजात परंपरेने सांगतात. त्या ठिकाणी आज स्मारक आहे. केहिमकर म्हणजे किहीमचे, पेणकर म्हणजे पेणचे, दिवेकर म्हणजे दिवे आगरचे. ज्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यांचे गाव या पाण्यापलीकडे कुठेतरी आहे. ही गोष्ट नकाशावर समजत नाही इतकी इथे उभे राहून समजते.

तिथून जवळच काळा घोडा. हे नाव एका पुतळ्यावरून पडले. अल्बर्ट ससून यांनी सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा १८७९ मध्ये शहराला दिला होता. तो १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, पण त्याच्यावर स्वार नाही. समोर पिवळ्या मालाड दगडाची डेव्हिड ससून लायब्ररी आहे. ती इमारत १८७० मध्ये पुरी झाली. मागच्या रस्त्यावर केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे. जेकब ससून यांनी ते १८८४ मध्ये बांधले. रंगीत काचा, उंच खांब, वरचा स्त्रियांचा सज्जा, सगळे पाहण्यासारखे आहे.

इथे मुलांना एक फरक समजावून सांगावा लागतो. ससून कुटुंब बगदादचे. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले आणि व्यापारात मोठे झाले. त्यांच्या लोकांना बगदादी म्हणतात. बेने इस्राएल लोक त्याआधीच कोकणातून मुंबईत येऊ लागले होते. ते सुतारकाम करत, इमारतींच्या बांधकामावर जात, कंपनीच्या पलटणीत भरती होत. पुढे रेल्वेत, टपाल खात्यात, कचेऱ्यांत, इस्पितळांत त्यांनी नोकऱ्या केल्या. ज्या इमारती गाईड 'ज्यू मुंबई' म्हणून दाखवतो त्यांतल्या पुष्कळशा ससूनांच्या आहेत. त्या अभिमानाने पाहाव्यात, पण तिथेच थांबू नये.

बोरीबंदर : इमारत आणि माणूस

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जुने लोक अजून व्हीटी किंवा बोरीबंदर म्हणतात. युनेस्कोने २००४ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. गाईड घुमट दाखवील, दगडी मोर आणि सिंह दाखवील. त्याच्या समोरची महानगरपालिकेची इमारत दाखवील. मुलांनी त्याला सांगावे की या पालिकेत १९३७-३८ साली डॉ. ई. मोझेस महापौर होते आणि ते बेने इस्राएल होते. तिथून काही पावलांवर कामा हॉस्पिटल आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी तिथे अनेक वर्षे वैद्यकीय अधीक्षक म्हणून काम केले. त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणजे गाईड इमारत सांगतो आणि इमारतीत काम करणारा माणूस आपण सांगायचा. घरात कोणाचे आजोबा याच स्टेशनात कारकून असतील, कोणाची पणजी याच इस्पितळात नर्स असेल. ते गाईडच्या पुस्तकात नाही. ते घरात विचारूनच कळते.

मशीद बंदर : जुनी मशीद

बोरीबंदरच्या पुढचे स्टेशन मशीद. तिथे उतरल्यावर जी चिंचोळी वस्ती लागते ती मांडवी. इथे गाडी सोडून पायी चालावे. सॅम्युएल स्ट्रीटजवळ शार हारहमीम सिनेगॉग आहे, बेने इस्राएलांचे मुंबईतले पहिले. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये स्थापले. आजची जागा १८६० ची आहे. दिवेकर कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. हे बनी इस्राईल आहेत, यांचा उल्लेख कुराणात आहे, असे म्हणून टिपूच्या आईने त्यांचा जीव वाचवला, ही कथा समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता, असेही सांगतात.

जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि याला जुनी मशीद. स्टेशनचे नावही त्यावरूनच पडले, असे समाजात मानतात. जवळच्या वस्तीला इस्राएल मोहल्ला म्हणत.

बाहेरून हे सिनेगॉग साधे आहे. गाईडच्या यादीत ते बहुधा नसते. पण दोन शतकांच्या वर आपल्या माणसांनी तिथे प्रार्थना केली आहे. आत गेल्यावर हेखालसमोर पाच मिनिटे गप्प बसावे. फोटो नंतर काढावेत.

कोणत्याही सिनेगॉगमध्ये जाण्याआधी तिथल्या कार्यालयाला कळवावे लागते. २००८ च्या हल्ल्यापासून पहारा कडक आहे. पासपोर्ट जवळ ठेवावा, डोके झाकायला टोपी किंवा ओढणी न्यावी.

दुपार : भायखळा, माझगाव, आग्रीपाडा

भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. डेव्हिड ससून यांनी बांधलेले, उंच घड्याळाच्या मनोऱ्याचे. त्याच आवारात ससूनांच्या नावाची शाळा आहे आणि तिथली बहुतेक मुले आता मुसलमान आहेत. ती मुले रोज सिनेगॉगच्या अंगणातून वर्गात जातात. हे दृश्य मुलांनी अवश्य पाहावे.

माझगावला सर एली कदूरी शाळा आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली इस्राएलाइट शाळा ती हीच. आजच्या कित्येक आजी-आजोबांनी तिथेच मराठी बाराखडी गिरवली. आता तिथे इतर समाजांची मुले शिकतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन फाटकातून आत डोकावता आले तर आजोबांना आपला वर्ग कोणत्या मजल्यावर होता ते दाखवता येईल.

आग्रीपाड्याला मागेन हसिदीम सिनेगॉग आहे. आजची इमारत १९३१ ची. जेकब सर्कलच्या बाजूला टिफेरेथ इस्राएल आहे. या भागातल्या चाळींत आपल्या समाजाची दाट वस्ती होती. पुष्कळ चाळी पाडून टॉवर उभे राहिले आहेत. पत्ता नेला आणि घर सापडले नाही, असे होईल. तरीही जावे. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला चाळीचे नाव विचारावे. ती जागा कुठे होती, तेवढे तरी तो दाखवील.

शेवटी : वरळी

डॉ. ई. मोझेस रोडवर आपले कबरस्थान आहे. या रस्त्याचे जुने नाव हेन्स रोड. इथल्या दगडांवर हिब्रू आहे, इंग्रजी आहे आणि मराठीही आहे. हिब्रू मुलांना वाचता येते. मराठी ओळ मात्र आजीच वाचून दाखवते. उद्या आजी नसेल तेव्हा ती ओळ कोण वाचणार? या वर्गात बाराखडी शिकवतात त्याचे एक कारण हे आहे.

नावे बदलली आहेत

आजोबा सांगतात ती नावे गाडीतल्या नकाशावर सापडत नाहीत. म्हणून ही यादी जवळ असावी.

व्हीटी, बोरीबंदर : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस
राणीची बाग : वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान
जेकब सर्कल, सात रस्ता : संत गाडगे महाराज चौक
फोर्ब्स स्ट्रीट : व्ही. बी. गांधी मार्ग
हेन्स रोड : डॉ. ई. मोझेस रोड

वडीलधाऱ्यांसाठी

"आता तिथे काय राहिलंय?" असे म्हणून पुष्कळ आजी-आजोबा विषय संपवतात. तसे करू नये. प्रवास झेपत नसेल तर घरी बसून एक कागद भरून द्यावा. चाळीचे नाव, मजला, गल्ली. शाळा कोणती, सिनेगॉग कोणते, नोकरी कुठे. मासळी कोणत्या बाजारातून यायची, मलिदा कोणाकडे व्हायचा. दर्यादेखत आपल्या माणसांना निरोप द्यायला कोण कोण आले होते. तो कागद गाईडच्या हातात पडला की सहल बदलते. चांगला गाईड असा कागद पाहून खूश होतो, कारण त्यालाही रोज तेच तेच सांगून कंटाळा आलेला असतो.

आणि मुलांनी परत आल्यावर फोटो फोनमध्ये ठेवून विसरू नये. आजीच्या शेजारी बसून एकेक फोटो दाखवावा. "ही गल्ली नव्हे, पुढची," असे ती म्हणेल. ती दुरुस्ती लिहून ठेवावी. पुढच्या वेळी जाणाऱ्या भावंडाला तोच कागद द्यावा.

स्वाध्याय

१. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून मुंबईतले किंवा कोकणातले तीन जुने पत्ते मराठीत लिहून आणा.
२. आपले आडनाव कोणत्या गावावरून आले आहे? ते गाव नकाशावर शोधा.
३. ही वाक्ये मोठ्याने म्हणा : "दादा, ही चाळ कुठे होती?" "माझी आजी इथे राहायची." "जरा थांबता का? आम्हाला पायी जायचं आहे."