ऐरोलीचा घुमट आणि आपला बांध



उसातल्या आंतरपिकाचा भाजीपाला वाशीच्या बाजारात कसा उतरतो, हे पाहायला गेल्या महिन्यात मी आणि आमच्या गटातले एक वडीलधारे सभासद आप्पा गेलो होतो. मुक्काम नेरूळला, आप्पांच्या लेकीकडे. सकाळी जावईबापू म्हणाले, "इथवर आलाय, तर ऐरोलीचं बाबासाहेबांचं स्मारक बघूनच जा." नेरूळहून ठाण्याची लोकल थेट ऐरोलीला जाते.

सेक्टर १५ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने हे स्मारक उभारले आहे. पांढराशुभ्र घुमट, पण देवळाचा नव्हे. पेनाच्या निबासारखा वर निमुळता होत गेलेला. आत बाबासाहेबांचा जीवनपट, छायाचित्रे आणि ग्रंथालय आहे.

आप्पांना वाटे, बाबासाहेब म्हणजे राज्यघटना. मी सांगितले, हा शेतीचाही जाणकार माणूस. १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती बंद करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्याही आधी, १९१८ साली, शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. त्याचे सार असे : रान लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्याला भांडवल, अवजारे किती आणि त्यावर पोसणारी तोंडे किती, यावर ठरते. नुसते तुकडे जोडून भागत नाही. जमिनीवरचा भार उद्योगधंद्यांनी उचलावा लागतो.

आप्पा गप्प झाले. त्यांच्या साडेतीन एकरांचे तीन भावांत तीन वाटे. लागण वेगळ्या महिन्यात, वाण वेगळा. तोडणी यंत्राला वळायला जागा नाही, एवढ्याशा फडासाठी टोळी यायला राजी नाही. मागच्या हंगामात आप्पांचा ऊस एप्रिलपर्यंत उभा राहिला, वाळून वजन घटले. नोंदी तशा सुट्या घेतल्या, ही चूक आम्हा शेतकी खात्याचीही.

बाहेर येताना आप्पा म्हणाले, "साहेब, वाटण्या काय मोडायच्या न्हाईत. पर लागण तरी एका टायमाला करूया की." परतीच्या गाडीत त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

उद्योग तर आपण उभा केलाच आहे; कारखाना आपलाच आहे. आता बांधाला बांध असलेल्यांनी एकच वाण, एकच तारीख आणि पाच फुटी सरी ठरवून गट ऑफिसला एकत्र नोंद द्यावी. सातबारा वेगळा राहू द्या, फड मात्र एक होऊ द्या.