पाणी उपसणारे घर
पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी उताराने शेतात जाते. उंच वस्त्यांना मात्र ते उपसून द्यावे लागते. लंडनच्या क्यू ब्रिज पंपगृहात 1838 पासून वाफेची यंत्रे हे काम करीत. वाफेच्या बळावर जड पंपदांडा उचलला जाई. तो खाली येताना आपल्या भाराने पाणी वर चढवी. 1944 मध्ये वाफेवरील नित्य उपसा थांबला. 1975 मध्ये तेथे संग्रहालय झाले.

1921 साली बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते, तेव्हा ही यंत्रे चालू होती. पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडला ओंजळभर पाण्यासाठी त्यांना सत्याग्रह करावा लागला. पाणी चढविणे यंत्राला साधते. ते सर्वांना देणे समाजालाच साधावे लागते. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो : जुने पंपगृह वा पाणवठा दिसला, की तेथील पाणी कोणाला मिळे, हे आधी विचारा.