लाइट गेली, फोन चालू!

जुना लँडलाइनचा डबा आठवतोय? हॉलच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली ऐटीत बसलेला? त्याला चार्जर नव्हता, सेल नव्हते, प्लगसुद्धा नव्हता. तरी रात्रभर लाइट गेलेली असताना रिसीव्हर उचलला की कानात 'टूऽऽ' ऐकू यायचंच. मग ही वीज यायची कुठून?

ज्या दोन तांब्याच्या तारांतून आवाज यायचा, त्यांतूनच! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे 24 सेल जोडून 48 व्होल्टची बॅटरी तयार केलेली असते. गावाची वीज गेली की आधी ही बॅटरी आणि मग डिझेल जनरेटर कामाला लागतो. म्हणजे फोन तुमच्या घरी असला, तरी त्याचं पॉवर हाउस एक्स्चेंजमध्ये.

आता 48 व्होल्ट फुकटात भिंतीपर्यंत आलेत म्हटल्यावर हॉस्टेलवरच्या कुठल्याही जुगाडूच्या डोक्यात एकच प्रश्न येणार: यावर मोबाइल चार्ज होईल का?

चला, हिशोब करू. तार आणि एक्स्चेंजमधली सर्किट मिळून 1200 ओहमचा रोध धरा. सर्वांत जास्त पॉवर खेचायची, तर आपला लोडही 1200 ओहमचाच हवा. करंट येतो 20 मिलिअँपिअर, व्होल्टेज उरतं 24. गुणाकार केला तर 0.48 वॉट. जेमतेम अर्धा! 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॉट-अवर मावतात. म्हणजे काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी फुल चार्जला 40 तास.

आणि ते 40 तास फोन एंगेज. कारण रिसीव्हर उचललाय हे एक्स्चेंजला कळतं, ते लाइनमधून करंट वाहू लागला यावरूनच. फोन 'ठेवलेला' दिसायला हवा असेल, तर अगदी काही मायक्रोअँपिअरच घेता येतात. त्यावर फार तर एखादं छोटं डिजिटल घड्याळ चालेल. शिवाय रिंग वाजताना त्याच तारांवर साधारण 75 व्होल्ट एसी येतं. तेव्हा बोट लागलं तर चांगलाच झटका बसतो. लाइन आणि तिची बॅटरीही आपली नाही. तेव्हा हा प्रयोग कागदावरच बरा.

पण या अर्ध्या वॉटला हसू नका. बोलण्या-ऐकण्यासाठी तेवढी वीज पुरायची. शिवाय ती गल्लीतल्या ट्रान्स्फॉर्मरवर अवलंबून नव्हती, हे जास्त महत्त्वाचं.

आता घरोघरी फायबर आलंय. स्पीड भन्नाट, पण काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे फायबरचा डबा तुमच्याच घरच्या प्लगवर चालतो. लाइट गेली की वायफाय गेलं आणि त्यावरचा लँडलाइनही गेला. मोबाइल टॉवरची बॅटरी तरी किती तास पुरणार? जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वीज आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही कोलमडले होते. मदत मागायची गरज असते, नेमका तेव्हाच फोन मुका.

ब्रिटनमध्ये जानेवारी 2027 पर्यंत तांब्यावरची जुनी फोनसेवा बंद करायचं ठरलंय. तिथे जे ग्राहक लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावरही किमान एक तास आपत्कालीन कॉल करता यावा, अशी सोय कंपन्यांनी करायची आहे.

आपण काय करू शकतो? फायबरच्या डब्याच्या आणि राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. त्याला जुळणारा छोटा यूपीएस घ्या आणि लाइट असतानाच मेन स्विच बंद करून एकदा तपासा. घरात आजी-आजोबा एकटे राहत असतील, तर आधी त्यांच्याकडे करा. पूर्वी ही काळजी एक्स्चेंज घ्यायचं. आता ती आपल्याकडे आलीये.