चार नारळांच्या मधली जागा

वाडीत येणारा नवखा माणूस हटकून विचारतो, "एवढ्या दाटीत नारळाला खायला काय उरतं?" नारळाची बहुतेक मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आतच असतात. साडेसात मीटर अंतरावर लागवड असेल, तर जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन रिकामी पडून असते. वर्षानुवर्षं आपण तिथे फक्त गवत काढतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ही जागा कशी भरायची, हे रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बागे'त दाखवून दिलं. चार नारळांच्या मधोमध जायफळ, दोन नारळांच्या मध्ये दालचिनी, बुंध्यावर काळी मिरी, खाली केळी नि अननस. शहरात हल्ली 'फूड फॉरेस्ट' म्हणतात ते हेच. गोव्याच्या कुळागरांत पोफळी, मिरवेल, केळी पिढ्यान्‌पिढ्या अशाच एकत्र नांदत आल्या आहेत.

पण झाडांची यादी म्हणजे आराखडा नव्हे. खरा आराखडा सावलीचा. नारळ साधारण आठ ते पंचवीस वर्षांचा असताना खाली ऊन फारसं पोचत नाही. पुढे खोड उंचावतं, तसा उजेड वाढतो. उलट, जायफळाच्या कोवळ्या रोपाला सावलीच लागते. उघड्यावर लावलं तर पहिल्याच उन्हाळ्यात करपतं. मिरवेल बुंध्याच्या उत्तरेला लावावी, म्हणजे कोवळ्या वेलाला दक्षिणेचं ऊन लागत नाही.

जायफळाबाबत एक गोष्ट कळकळीने सांगते. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळायलाच सहा-सात वर्षं जातात. कलमंच घ्या; दहा माद्यांमागे एक नर पुरतो. फळ तडकलं की आत लालभडक जायपत्री दिसते. मुख्य हंगाम ऐन पावसाळ्यात, त्यामुळे पडलेलं फळ त्याच दिवशी उचलावं लागतं, नाहीतर जायपत्रीला बुरशी धरते. वाळवण्याची सोय नसेल तर झाडं वाढवू नका.

पडलेल्या झावळ्या, सोडणं आणि केळीचे खुंट आळ्यातच राहू द्या. ओल टिकते, शिंपणं कमी लागतं.

रोपवाटिकेत जाण्याआधी मे महिन्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाडीत फिरा आणि ऊन कुठे कुठे पडतं ते कागदावर मांडा. रोपं त्यानंतर आणा.